पंखा बंद करून

हेडसेट घरी आला त्या दिवशी पहिला प्रश्न निघाला तो पंख्याचा.

साडेसहा फूट बाय साडेसहा फूट जागा मोकळी हवी, असं सूचनांमध्ये लिहिलेलं. डोंबिवलीत एवढ्या जागेत लोक संसार करतात. आमचा हॉल दहा बाय चौदाचा. त्यात दिवाण, टीव्हीचं युनिट, सासूबाईंची आरामखुर्ची आणि जिच्यावर घरातले टॉवेल वाळतात ती व्यायामाची सायकल. टीपॉय बाल्कनीत गेला, सायकल बेडरूममध्ये गेली, आरामखुर्ची सासूबाईंसकट भिंतीला लागली. जागा झाली. मग मुलाने दोन्ही हात वर करून पाहिले. तो पाच फूट अकरा इंच आहे. हातात कंट्रोलर धरले की त्याची पोच थेट पात्यांपर्यंत जाते आणि डोळ्यांवर डबा बांधलेला माणूस काही वर बघून हात उचलत नाही. तेव्हा पंखा बंद. एप्रिल महिना, डोंबिवली आणि पंखा बंद. आभासी जग आमच्या घरात आलं ते असं घाम पुसत.

हेडसेट आमचा नव्हता. पुण्याला असलेल्या भाच्याला ऑफिसने सहा आठवड्यांसाठी जर्मनीला पाठवलं. जाताना तो खोका आमच्याकडे ठेवून गेला. "मावशी, तुला घ्यायचाय ना? मग आधी महिनाभर वापरून बघ आणि ठरव." घ्यायचाय असं मी कधीच म्हटलं नव्हतं. दिवाळीत त्याच्याकडे पाच मिनिटं डोळ्यांना लावला होता आणि "केवढ्याला पडला रे?" एवढंच विचारलं होतं. आमच्या घराण्यात किंमत विचारणं ही दाद द्यायची पद्धत आहे. पुढच्या पिढीला ती ऑर्डर वाटते.

पण खोका घरात आला आणि ठरवायचं कामही त्याच्याबरोबर आलं. घ्यावा की न घ्यावा?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा हेडसेट म्हणजे पोहायच्या गॉगलचा मोठा, जाडजूड भाऊ. आत दोन भिंगं, भिंगांमागे पडदा, पुढच्या अंगाला बारीक कॅमेरे, आणि फोनमध्ये असते तशी चिप नि बॅटरी डब्यातच. वायर नाही, शेजारी कॉम्प्युटर नाही. हल्ली ज्याला स्टँडअलोन म्हणतात तो हाच प्रकार. प्रत्येक हातात एक कंट्रोलर, त्यात एकेक पेन्सिल सेल. बॅटरी दोन तास चालते, मग पुन्हा चार्जिंगला. वजन अर्धा किलो. १९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेत डोक्यावर घालायचा असा पहिला पडदा बनवला, तेव्हा तो इतका अवजड होता की छतातून टांगावा लागला. त्याला लोक डॅमोक्लिसची तलवार म्हणत. म्हणजे छताशी या यंत्राचं नातं जुनंच. आमच्या छताला तलवारीऐवजी तीन पाती आहेत एवढाच फरक.

अर्धा किलो हे हातात घेतल्यावर काहीच वाटत नाही. साखरेची अर्ध्या किलोची पुडी कपाळावर बांधून वीस मिनिटं बसा, म्हणजे कळेल. त्यात बाईमाणसाचा विचार ही वस्तू बनवणाऱ्यांनी कधी केला असेल असं मला वाटत नाही. मागचा पट्टा डोक्याच्या ज्या उंचवट्यावर बसतो, तिथेच माझा केसांचा चाप असतो. चाप काढला की केस पुढे येतात, भिंगाच्या आणि डोळ्याच्या मध्ये एक बट अडकते आणि ग्रँड कॅन्यनमध्ये आडवी तार टाकल्यासारखी दिसते. पट्ट्याला खोबरेल तेल लागतं. आणि टिकली! कपाळावर टेकणारी फोमची कड प्रत्येक वेळी टिकली घेऊन जाते. आमच्या बाथरूमच्या आरशावर माझ्या मरून आणि सासूबाईंच्या बारीक काळ्या टिकल्यांची वसाहत आहे. तिची एक शाखा हेडसेटवर निघाली. भाच्याची वस्तू, परत द्यायची, म्हणून रोज सकाळी मी ती फोम ओल्या फडक्याने पुसत असे.

चष्म्याचं मात्र अनपेक्षित झालं. मला चाळिशी आहे. फोनवरचा मेसेज वाचायलाही चष्मा शोधावा लागतो. मग डोळ्यांपासून दोन-तीन बोटांवर असलेला पडदा कसा दिसणार? पण दिसला, चष्म्याशिवाय लख्ख दिसला. भिंग असं बसवलेलं असतं की डोळ्याला तो पडदा काही हात लांब असल्यासारखा वाटतो. तेव्हा जवळचं न दिसणाऱ्याला त्यात अडचण येत नाही, लांबचं न दिसणाऱ्याला येते. नवऱ्याला उणे साडेतीनचा नंबर आहे. त्याला चष्म्यावरून हेडसेट घालावा लागला, काचेवर काच घासायची भीती, त्यात पंखा बंद असल्यामुळे चष्म्यावर वाफ. "मला वाफाळलेलं जग दिसतंय," असं म्हणून त्याने तो चार मिनिटांत काढला आणि पेपर उघडला. नंबरच्या काचा वेगळ्या करून मिळतात, पण त्याचे पैसे वेगळे. शिवाय दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं निराळं. साधारण त्रेसष्ट मिलीमीटर धरतात. भिंगं त्यानुसार सरकवावी लागतात. स्वस्तातल्या मॉडेलांत त्यासाठी दोन-तीन ठरीव जागाच असतात, तुमचं अंतर मधलं निघालं तर बाजूचं पुसट दिसणार. घरातल्या चार माणसांचे डोळे चार तऱ्हेचे. टीव्हीने हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

भाच्याने जाताना एक ताकीद दिली होती, उन्हात ठेवू नकोस. कारण माझ्या तेव्हाच लक्षात आलं. भिंगाने वाळका पाला जाळायचा उद्योग आम्ही लहानपणी चिपळूणला सगळ्यांनी केलेला आहे. इथे भिंगाच्या मागे पाल्याऐवजी पडदा असतो. भिंगं बाल्कनीकडे तोंड करून राहिली आणि ऊन आत शिरलं तर पडद्यावर कायमचा डाग पडतो. तो टीपॉय बाल्कनीत, टीपॉयवर खोका ठेवायची मुलाची सवय, आणि डोंबिवलीचं चारचं ऊन. पहिल्या आठवड्यात मी, भूगोल शिकवते त्या शाळेतून, दोनदा फोन केला, डबा आत घेतलास का म्हणून.

आता गाडी लागण्याबद्दल.

माझी एक मावशी कऱ्हाडला असायची. चिपळूणहून कऱ्हाडला जायचं म्हणजे कुंभार्ली घाट. एसटीच्या खिडकीची जागा, पदराला बांधलेलं लिंबू, आल्याची वडी आणि तरीही तिसऱ्या वळणाला जे व्हायचं ते होत असे. आई म्हणायची, समोर रस्त्याकडे बघ, पुस्तक वाचू नकोस. पुढे भूगोलाच्या तासाला कोणीतरी विचारलं आणि मी कारण शोधून काढलं. तोल सांभाळणारं इंद्रिय कानात असतं. एसटीत कान सांगतो, आपण वळतोय, हेलकावतोय. डोळ्यांना मात्र समोरच्या सीटची पाठ दिसते, ती हलत नाही. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि भांडण पोटात उतरतं. हेडसेटमध्ये हेच उलटं होतं. माणूस दिवाणावर ढिम्म बसलेला आणि डोळे पाळण्यातून खाली चाललेले. मुलाने मला पहिल्याच दिवशी, गंमत म्हणून, त्या घसरत्या रुळांवरच्या पाळण्यात बसवलं. दीड मिनिटात मला हेडसेट लागला. दुसरा शब्दच नाही, गाडी लागते तसा लागला. तोंडाला पाणी सुटलं, हातपाय गार. पुढचा तासभर मी पंख्याखाली लिंबू हुंगत पडून होते. तेवढ्यापुरता पंखा चालू करायची परवानगी मिळाली.

यातून शिकले ते एवढंच, की आपण जागेवरून चालत-वळत बघायचे कार्यक्रम वेगळे, आणि आपल्याला बसवून जग पळवणारे वेगळे. पहिल्या प्रकाराने काही होत नाही, कारण मान वळली की चित्रही तेवढंच वळतं, कान आणि डोळे एकमेकांना दुजोरा देतात. दुसऱ्याची सवय होते असं म्हणतात. कुंभार्लीचीही सवय होते असंच म्हणत होते. मला एकवीस वर्षं माहेरी काढून झाली नाही.

पहिल्या रविवारी शेजारचे आले. मजल्यावरची चार बिऱ्हाडं. मुलाने एक फळीचा खेळ लावला होता: लिफ्टने उंच इमारतीच्या टोकाला जायचं, दार उघडलं की समोर शून्यात गेलेली एक फळी, तिच्यावरून चालायचं. आमची फरशी तीच, पायाखाली तीच गार मोझॅक. मी फरशीवर उभी आहे हे मला पक्कं माहीत होतं. सासूबाई मागे वाल सोलत होत्या, त्याचा आवाजही येत होता. आणि तरी माझे गुडघे लटपटले. मी एक पाऊल टाकलं आणि बाकीची तीन रांगत गेले. पन्नाशी ओलांडलेली, सव्वीस वर्षं वर्गावर दरारा असलेली बाई, स्वतःच्या हॉलमध्ये रांगत! टाळ्या वाजल्या. समोरच्या फ्लॅटमधले बँकेतून निवृत्त झालेले काका "छे, यात काय," म्हणून पुढे आले, फळीच्या मध्यावर गेले आणि टीव्हीच्या युनिटला मिठी मारून उभे राहिले. सोडायला तयारच नाहीत.

तेव्हा जाणवलं की या वस्तूची सगळ्यात चांगली सीट बाहेर आहे. आत असतो तो एकटा, बिचारा. मजा दिवाणावर बसलेल्या दहाजणांची. आणि ही बैठक मला कुठेतरी पाहिल्यासारखी वाटायला लागली. रात्री भांडी आवरताना आठवलं: व्हीसीआर.

ऐंशीच्या दशकात आमच्या आळीत व्हीसीआर कोणाच्याही मालकीचा नव्हता आणि सगळ्यांनी तो पाहिला होता. वर्गणी काढून रात्रभरासाठी भाड्याने आणायचा, रंगीत टीव्ही त्याच्याबरोबरच यायचा, तीन कॅसेटी. अंगणात सतरंज्या. सकाळी सहाला तो माणूस सायकलवर खोकं बांधून पुढच्या आळीत. व्हीसीआर विकत घ्यावा का, असा प्रश्न कोणाच्या घरात चर्चेला आल्याचं मला आठवत नाही. ती आणायची वस्तू होती. तसं बघितलं तर ही रीत त्याहून जुनी. आमच्या शेजारच्या कल्याणात पटवर्धनांनी १८९२ साली शांबरिक खरोलिका सुरू केली, काचेवर रंगवलेली चित्रं आणि मागे दिवा. लोक तिकीट काढून खेळ बघायला गेले. कंदील घरी नेऊन माळ्यावर टाकायचं कोणाला सुचलं नाही.

माळ्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या माळ्यावर काय आहे ते सांगते. फूड प्रोसेसर, त्याची पाच पाती. मुलाचा कीबोर्ड, वाजवायचा. आइस्क्रीमचं भांडं. गुगलने २०१४ साली पुठ्ठ्याचा एक डबा काढला होता, फोन आत सरकवून बघायचा. तो मी प्रदर्शनातून दीडशे रुपयांना आणला होता, तो आता चपटा झालाय. आणि एक दुर्बीण. २००३च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या इतका जवळ आला होता की तसा सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता. मी नोकरीत अजून नवी, भूगोलाची बाई, मला राहवेना. दोन पगारांतून वाचवून दुर्बीण घेतली. डोंबिवलीच्या आकाशात दिव्यांचा उजेड एवढा, की ती सगळी मिळून दहा-बारा वेळा वापरली असेल. नवरा हिशोब मांडतो तेव्हा दर वेळी ती पहिली मोजतो.

मी मोजत नाही. एका डिसेंबरच्या रात्री गच्चीवर मी तिच्यातून शनीची कडी पाहिली. शनी वाटाण्याएवढा, आणि त्याला खरोखरच कडी होती. चित्रातल्यासारखी रंगीत नाही, फिकट, थरथरणारी, पण होती. ती दुर्बीण माझ्यापुरती त्या रात्रीच वसूल झाली. उलट ती सायकल, वर्षभर बऱ्यापैकी चालवली, पण तिच्यावर बसून काय मिळालं ते मला सांगता येणार नाही. तेव्हा किती वेळा वापरली यावर माझा विश्वास नाही. वस्तू परत गेल्यावर, मोडल्यावर, माळ्यावर गेल्यावर आपल्याकडे काय उरतं ते बघायचं.

हेडसेटने मला एक गोष्ट दिली. ब्रिंक ट्रॅव्हलर नावाचं एक ॲप आहे, त्यात जगातल्या काही जागा त्रिमितीत टिपून ठेवल्या आहेत. त्यातली एक हॉर्सशू बेंड, अमेरिकेत ॲरिझोनात, कोलोरॅडो नदीचं वळण. या वळणाचा फोटो मी वर्गात किती वेळा दाखवलाय त्याला गणती नाही. नदीचं कार्य शिकवताना नागमोडी वळण येतंच. खडूने फळ्यावर एक घोड्याची नाल काढायची, बाण दाखवायचे, बाहेरच्या काठावर झीज, आतल्या काठावर गाळ. मुलं वहीत नाल काढतात, बाण काढतात, दोन गुण मिळतात.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. घरी सासूबाई झोपलेल्या. मी पंखा बंद केला, चाप काढला, हेडसेट चढवला आणि त्या कड्यावर उभी राहिले.

खाली बघितलं आणि मागे सरले. सुमारे तीनशे मीटर खाली नदी. हिरवी, स्वस्थ. आणि तिच्याभोवती तांबड्या वालुकाश्माचा तो अख्खा कडा गोल फिरून परत आलेला. इतकी वर्षं मी शिकवत आले होते की नागमोडी वळणं सपाट मैदानात होतात, नदी म्हातारी झाली की. ते खरंच आहे. पण इथे नदी आधी सपाटीवर वळली होती आणि मग खालचं पठार हळूहळू उचललं गेलं. नदीने वळण सोडलं नाही. जशी वळली होती तशीच, त्याच नालेच्या आकारात, खाली खाली कापत गेली, लाखो वर्षं. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, प्रश्नपत्रिकेत कारणे द्या म्हणून विचारलं होतं. पण तीनशे मीटर या आकड्याला माझ्याकडे आजवर अंगच नव्हतं. फोटोत नदी आणि कडा एकाच कागदावर असतात. इथे त्यांच्यामध्ये हवा होती. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली काढतो हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच आरसे लावून दाखवलं होतं. युक्ती तेव्हापासून तीच आहे. आता फक्त मान वळवता येते, आणि वाकून खाली बघता येतं. मी वाकले. कपाळ दिवाणाच्या कडेला आपटलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तेवढ्या पैशात आपण चौघं सांदण दरीला जाऊन येऊ, साम्रदला राहू, वर जेवण. त्याचं म्हणणं चूक नाही. सांदण दरी बेसॉल्टची, आपल्या घरची, तिथे पाण्याचा वास येतो, दगड हाताला लागतो. फक्त त्या दगडांवरून उतरायला गुडघे लागतात. ते आता माझ्याकडे अर्धेच उरलेत. आणि कोलोरॅडोला मी जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मग वाटलं, हा वर्गात नेला तर? रात्री आडवी पडल्या पडल्या हिशोब केला. वर्गात अठ्ठावन्न मुलं. प्रत्येकाला घालायला, पट्टा आवळायला, बघायला, काढायला पाच मिनिटं. म्हणजे दोनशे नव्वद मिनिटं. माझा तास पस्तीस मिनिटांचा. एका वळणाला आठ-नऊ तास, आणि बाकीची सत्तावन्न तोपर्यंत काय करतील याची मला पूर्ण कल्पना आहे. शिवाय फोमच्या त्या कडेला अठ्ठावन्न कपाळांचा घाम. मी फळ्यावर नाल काढायला परत गेले. मात्र या वेळी शिकवताना हात थांबला आणि मी म्हटलं, वह्या मिटा, उभे राहा, समजा तुमच्या बाकाच्या पुढे जमीन नाही. दोन-तीन मुलींनी खरंच बाक धरले. हे हेडसेटच्या खात्यात जमा करायचं की माझ्या, ते ठरवलेलं नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्यांचं माहेर नगरचं, माळीवाड्यातलं. वाँडर म्हणून दुसरं एक ॲप आहे, गुगलने रस्त्यारस्त्यांवरून गाडी फिरवून जी चित्रं काढलीत ती त्यात चोहोबाजूंनी दिसतात. भारतात ती परवानगी बरीच वर्षं अडली होती. २०२२च्या जुलैमध्ये दहा शहरं खुली झाली, त्यात मुंबई-दिल्लीबरोबर पुणे, नाशिक आणि चक्क नगर होतं. मुलाने आजीला आरामखुर्चीतच बसवून हेडसेट घातला. त्यांना काय दिसतंय ते मी फोनवर बघत होते, फोनवर ते सगळं चपटं दिसतं.

"विशाल गणपती कुठाय?"

मुलाने नेलं. त्यांनी हात जोडले, कंट्रोलर एकमेकांवर आपटले.

"एवढ्या मोटारसायकली कुणाच्या? आणि हे फलक कुणाचे, वाढदिवसाचे? माणसांचे चेहरे का पुसलेत?"

"ओळख पटू नये म्हणून, आजी."

"ओळख पटावी म्हणून तर आले मी. बरं, त्या बोळात घे."

"बोळात नाही जाता येत. गाडी जिथून गेली तेवढंच दिसतं."

त्या गप्प बसल्या. मान डावीकडे वळवून बराच वेळ त्या बोळाच्या तोंडाकडे बघत राहिल्या असाव्यात. फोनवर मला नुसती एक भिंत आणि पत्र्याचं शटर दिसत होतं. मग म्हणाल्या, "म्हणजे एसटीतून माहेरावरून जायचं, पण उतरायचं नाही. काढ रे हे. मान अवघडली. एवढं ओझं डोक्यावर घेऊन कोण जातं माहेरी?" आणि वालाचं सूप पुढे ओढलं. आजीला आवडलं नाही, असं आमचं सगळ्यांचं मत झालं.

पैशाचं बोलू. मेटाचा क्वेस्ट थ्री एस २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा अमेरिकेत त्याची सुरुवातीची किंमत २९९ डॉलर होती, म्हणजे साधारण पंचवीस हजार रुपये. वरचा क्वेस्ट थ्री त्याआधी वर्षभर ४९९ डॉलरला आला होता. ॲपलचा ३,४९९ डॉलरचा. तो विषय आमच्या घरात काढायचा नाही. पंचवीस हजारांवर आणण्याचा खर्च, बरा पट्टा, नवऱ्याच्या नंबरच्या काचा आणि एकेक खेळ-ॲप विकत घ्यायचं ते वेगळं. वस्तू किती वर्षं टिकेल? काच-प्लास्टिक टिकेल, पण आतलं जग कंपनीच्या हातात असतं. पहिला क्वेस्ट २०१९ मध्ये आला आणि २०२४ मध्ये त्याचे सुरक्षेचे अपडेटही थांबले. पाच वर्षं. आमचा मिक्सर एकोणीस वर्षांचा आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. मेटाच्या ज्या विभागात हे हेडसेट बनतात, त्याचा २०२४ सालचा तोटा सतरा अब्ज डॉलरहून अधिक होता. दुकानदार वर्षानुवर्षं पदरमोड करून माल विकत असेल तर गिऱ्हाइकाने जरा थबकावं, असं मला माझ्या वडिलांच्या वाणसामानाच्या दुकानाने शिकवलंय. जाहिरातींवर जगणारी कंपनी, आणि कपाळावर कॅमेरे, जे सुरू करताच आमच्या हॉलचा नकाशा तयार करतात. दिवाण कुठे, भिंत कुठे. त्यात काय वाईट आहे ते मला नेमकं दाखवता येणार नाही. पण पदराची गाठ एकदा चाचपून बघावीशी वाटते खरी.

मुलाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्याला परीक्षेआधीची पीएल, म्हणजे अभ्यासाची सुट्टी, लागली होती आणि तो संध्याकाळी अर्धा तास तलवारींनी ठोकळे कापायचा, गाण्याच्या ठेक्यावर. निथळत बाहेर यायचा. सायकलने वर्षभरात जेवढा घाम काढला नाही तेवढा याने महिन्यात काढला, अर्थात त्यात बंद पंख्याचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. "आई, व्यायामाचे पैसे यात वळते करून घे," असा त्याचा अर्ज होता. अर्जावर मी शेरा मारला: तिसऱ्या आठवड्यात किती दिवस खेळलास? चार. चौथ्यात? दोन. टीपॉय उचलून बाल्कनीत न्यायचा कंटाळा आला होता त्याला. ज्या वस्तूसाठी आधी घर हलवावं लागतं ती आज नाही तर उद्या माळ्यावर चढते, हे आमच्या घरापुरतं तरी सिद्ध आहे. फ्रीजसाठी कोणी काही हलवत नाही.

तरी बॅटरीचा एक घोळ होता. मी सकाळी पुसून, चार्जिंगला लावून जायची, आणि संध्याकाळी बघावं तर कधी निम्मी, कधी त्याहून कमी. खेळत तर नाही म्हणतो. दोन-तीनदा मी मुलावर ओरडलेही, दुपारी अभ्यास सोडून हेच चालतं वाटतं तुझं. त्याने उलट उत्तर दिलं नाही. तेव्हा मला ते कबुलीसारखं वाटलं.

माझं म्हणाल तर मी घ्यायचा नाही असं ठरवलं. वाईट आहे म्हणून अजिबात नाही. ही व्हीसीआरच्या जातीची वस्तू आहे. आणावी, चार घरं बोलवावीत, काकांना युनिटला मिठी मारताना बघावं, एखाद्या दुपारी एकटीने कड्यावर जाऊन यावं आणि सकाळी सायकलवर बांधून परत पाठवावी. अडचण एवढीच की सायकलवाला माझ्या ओळखीत कोणी नाही. भाचा आहे. त्याला मी फोनवर सांगितलं, मला नको, पण तू विकू नकोस. दिवाळीत घेऊन ये, मे महिन्यात ठेवून जा. तो हसला. "म्हणजे माझ्या पैशाने तुझं वाचनालय." म्हटलं, वर्गणी फराळात देईन.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा मित्र न्यायला येणार होता. त्या सकाळी मी फोम नीट पुसली, पट्ट्याचं तेल काढलं, भिंगं त्यांच्या फडक्याने स्वच्छ केली, बॅटरी भरली आणि शाळेत निकालाच्या कामाला गेले. संध्याकाळी खोक्यात भरताना बघितलं तर तीस टक्के. शेवटच्या दिवशीही! मुलगा पुस्तकात डोकं घालून बसला होता. जाऊ दे म्हटलं. मित्र आला, घेऊन गेला. टीपॉय जागेवर आला, सायकल आली, तिच्यावर टॉवेल आले.

तीन दिवसांनी भाच्याचा फोन.

"मावशी, मिळाला बरं का. आणि फोमला टिकली चिकटलीय एक. तुझी ना?"

"मरून?"

"नाही गं. काळी. एकदम बारीक."

मी हॉलमध्ये डोकावले. सासूबाई आरामखुर्चीत, पंखा पूर्ण वेगात. मांडीवर सूप होतं, पण वाल सोलत नव्हत्या. मान डावीकडे वळवून भिंतीकडे बघत होत्या. बघता बघता मुलाने पुस्तकावरून नजर उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

"असू दे," मी म्हटलं. "दिवाळीला आणशील तेव्हा काढू."